टेकडीवरील पाचोळ्याचा जमाखर्च

शनिवार पेठेतून ओंकारेश्वराजवळचा पूल ओलांडून, फर्ग्युसन महाविद्यालयामागील हनुमान टेकडी चढून वेताळ टेकडीच्या पठाराकडे वळले, की पुण्याच्या शुष्क पानझडी वनाचा जो अल्प अवशेष आजही शिल्लक आहे तो दृष्टीस पडतो. आणि फाल्गुन-चैत्रात त्याच्या तळाशी साचणाऱ्या पाचोळ्याची रीतसर मोजणी ज्याने पत्करली, त्याच्या लवकरच ध्यानात येते की, किती पाने गळली यावरून किती उरतील याचा अदमास बांधता येत नाही.

मोजणीचे काम दिसावयास साधे, परंतु चिकाटीचे आहे. एक मीटर बाजूची लाकडी चौकट भुईवर मांडावयाची, तिच्या कडेवर आडवे आलेले पान कात्रीने कापून आतला भाग तेवढा घ्यावयाचा, माती व मुरूम झटकून पाने, काटक्या आणि शेंगा निरनिराळ्या पिशव्यांत भरावयाच्या, आणि वजन स्थिर होईपर्यंत त्या भट्टीत वाळवून मगच तोलावयाच्या. कारण पहाटेच्या दवाने ओलावलेला पाचोळा आपले खरे वजन सांगत नाही. कुजण्याचा वेग पाहण्यासाठी तोललेली पाने जाळीच्या पिशव्यांत घालून झाडाखाली ठेवतात, आणि मुदतीमुदतीने एकेक पिशवी उचलून बाकी काढतात.

या हिशेबात जमा आणि खर्च या दोन्ही बाबी पावसाच्या अखत्यारीत आहेत. पुण्यास वर्षाकाठी सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उलट साठेक किलोमीटरांवरील लोणावळ्यास तो 4000 मिलिमीटरांहून अधिक होतो. पावसाळ्यातील ओलीवर वाढलेली पाने साळई, मोई, गणेर ही झाडे कोरड्या ऋतूत टाकून देतात, तेव्हा जमेची बाजू भरते. परंतु ओलाव्यावाचून बुरशी व सूक्ष्म जंतू निष्क्रिय राहतात, आणि वाळवीचे कार्य वगळता खर्च जवळजवळ थांबतो. मृगाच्या सरी आल्या की तोच पाचोळा झपाट्याने कुजून मातीत मिळू लागतो. त्या लांबल्या, तर शिल्लक सुकी राहते आणि वणव्याचे भय वाढते.

तथापि झाडाझुडपांच्या आच्छादनाचा अंमलही लहान नाही. या टेकड्यांवर लावलेले, मूळचे मध्य अमेरिकेतले गिरिपुष्प, ज्यास उंदीरमारीही म्हणतात, त्याची मऊ, नत्रयुक्त पाने त्वरित कुजतात. सागाचे जाड, खरखरीत पान दीर्घकाळ तग धरते. उघड्या उतारावरील पाने वारा हाकून नेतो आणि पहिला जोरदार पाऊस उरलीसुरली धुऊन काढतो, तर करवंदीच्या सदाहरित जाळीत तीच पाने अडकून सावलीत ओल धरून राहतात. म्हणूनच एकाच टेकडीवर, एकाच पावसाखाली, चार पावलांच्या अंतराने कोठे उघडा मुरूम तर कोठे काळी भुसभुशीत माती आढळते.

वणवा अडविण्यासाठी आखलेल्या जाळरेषांवरील पाचोळा काढणे अवश्य आहे. परंतु अन्यत्र स्वच्छतेच्या नावाखाली तो झाडून पेटविणे म्हणजे पुढील पावसाची माती आधीच जाळून टाकणे होय. टेकडीवर हौसेने रोपे लावणाऱ्या पुणेकरांनी झाडाखालची पाने जागीच राहू द्यावीत, आणि मोकळ्या उतारांवर मूळच्या करवंदीसारखी झुडपे राखावीत.