काशीयात्रा: तिथि, ऋतु आणि विमानाचें भाडें

काशीस एकदां जाऊन यावें, ही इच्छा महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत असते. परंतु ती बहुधा पुढें ढकलली जाते. मुलांचीं शिक्षणें, मुलींचीं लग्नें, घराचें कर्ज हें सर्व आटोपेपर्यंत गुडघे दुखूं लागतात, आणि "आतां आमच्यानें कसलें होतें?" असें म्हणून माणसें मन आवरतात. एके काळीं काशीस निघणारा मनुष्य घरच्या मंडळींचा जणूं अखेरचा निरोप घेऊनच निघे. आज मुंबईहून थेट विमान सुमारें सव्वादोन तासांत बाबतपूरच्या लालबहादुर शास्त्री विमानतळावर उतरतें, आणि तेथून नगर सुमारें २५ किलोमीटरांवर आहे. तेव्हां अडचण अंतराची राहिली नाहीं. जावें केव्हां आणि भाडें किती पडेल, हे दोनच प्रश्न उरले आहेत. या दोहोंचा परस्परांशीं निकट संबंध असल्यामुळें त्यांचा विचार एकत्रच केला पाहिजे.

आमच्या वयाच्या मंडळींचा ओढा साहजिकच आगगाडीकडे असतो. तिचा आम्ही अव्हेर करीत नाहीं. परंतु मुंबईहून निघणारी 'महानगरी' काशीस पोंचण्यास एक अहोरात्र पुरत नाहीं. आणि वृद्धांना रेल्वे-भाड्यांत मिळणारी सवलत २०२० सालीं बंद झाली. म्हणून वातानुकूलित डब्याचें भाडें व वेळेवर घेतलेलें विमानाचें तिकीट हीं दोन्हीं शेजारीं मांडून पाहावीं. त्यांतील अंतर आपण समजतों तेवढें मोठें नेहमींच नसतें.

विमानाच्या भाड्याचें रहस्य असें आहे कीं, तें अंतरावरून ठरत नाहीं, मागणीवरून ठरतें. एकाच विमानांतील एकसारख्या आसनांच्या कंपनी निरनिराळ्या भाड्यांच्या श्रेणी पाडते. स्वस्त श्रेणी आधीं खपते, मग तिच्या वरची, आणि निघण्याचा दिवस जवळ येतो तेव्हां केवळ महाग तेवढी उरते. शेजारीं बसलेल्या दोन प्रवाशांनीं दिलेल्या भाड्यांत दुपटीचें अंतर असूं शकतें, तें यामुळेंच. यावरून कांहीं साधे नियम निघतात. साधारण एक ते दोन महिने आधीं तिकीट काढावें. शुक्रवार व रविवार टाळून मंगळवार-बुधवार पाहावा. पहांटेचीं व रात्रीं उशिराचीं विमानें बहुधा स्वस्त असतात. मात्र वृद्धांना अपरात्रीं घराबाहेर काढून वांचविलेला पैसा पुढें औषधांत जाऊं नये. तुलना करणाऱ्या दोन-तीन संकेतस्थळांवर भाडीं पाहावीं, व तिकीट शक्य तों कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावें. आंकडा पाहावयाचा तो शेवटचा. कारण आसन निवडण्याचे, भोजनाचे व व्यवहाराचे पैसे मागाहून मिळविले जातात. साठीच्या पुढील प्रवाशांस कांहीं कंपन्या सवलत देतात. परंतु ती बहुधा मूळ भाड्यावरच असते, म्हणून साधें स्वस्त तिकीट तिच्याहून कमी पडतें कीं काय, हेंही पडताळून पाहावें.

आतां काळाचा विचार. येथें आपल्या पंचांगाची एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. आपले महिने अमान्त, तर उत्तरेकडील पूर्णिमान्त. त्यामुळें तेथील श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधीं लागतो. आपल्याकडे आषाढ चालूं आहे, गर्दी नसेल, अशा समजुतीनें निघालेल्या यात्रेकरूस तेथें श्रावणांतील गर्दीच्या रांगेंत उभें राहावें लागतें. शिवाय वर्षाऋतूंत गंगा चढते, घाटांच्या पायऱ्या बुडतात व नौका बंद पडतात. वैशाख-ज्येष्ठांत पारा ४० अंशांच्या वर जातो, लू वाहते. आणि शाळांच्या सुट्यांमुळें भाडेंही उतरत नाहीं. दिवाळीपासून छठपूजेपर्यंत मुंबईंतील उत्तरेचे लोक घरीं जातात, म्हणून जाण्याचें भाडें कडाडतें. छठ आटोपली कीं तेच लोक परतूं लागतात, आणि मग येण्याचें कडाडतें. त्रिपुरी पौर्णिमेस काशींत देवदीपावली असते. तो सोहळा अपूर्व खरा, पण त्या दिवसांत खोली व विमान दोन्हीं महाग.

पौष-माघांतील भाडें कित्येकदां मोहांत पाडतें. परंतु त्या दिवसांत धुकें असतें. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांना वडिलांचें श्राद्ध गंगातीरीं करावयाचें होतें. तिथि पौषांतली. आदल्या सायंकाळीं पोंचणारें सर्वांत स्वस्त तिकीट त्यांनीं घेतलें. धुक्यामुळें विमान लखनौस उतरविण्यांत आलें. रात्रीं मोटार हांकण्यास कोणी तयार होईना, सकाळींही धुकें हटेना. ते काशीस पोंचले तेव्हां सूर्य मावळत होता आणि श्राद्धाचा अपराह्णकाळ टळून गेला होता. विमान रद्द झाल्यास पैसे परत मिळतात किंवा दुसरें विमान मिळतें. गेलेली तिथि परत मिळत नाहीं. ज्यांस नेमक्या तिथीस कार्य करावयाचें आहे त्यांनीं, विशेषतः थंडींत, दोन दिवस हातीं ठेवूनच निघावें.

मग उत्तम काळ कोणता? आमच्या मतें दोन. एक, त्रिपुरी पौर्णिमेनंतर सुमारें आठवडा जाऊं देऊन कार्तिक वद्याचा उत्तरार्ध. तेव्हां हवा सुखद असते आणि दाट धुकें बहुधा लागलेलें नसतें. दुसरा, महाशिवरात्र आटोपल्यावर फाल्गुन शुद्ध दशमीपर्यंतचे दिवस. पुढें रंगभरी एकादशी व होळी यांची गर्दी लागते. या दोन्हीं पंधरवड्यांत भाडें बहुधा आटोक्यांत असतें. विश्वनाथाचें आजचें मंदिर अहल्याबाई होळकरांनीं अठराव्या शतकांत बांधविलें. २०२१ च्या डिसेंबरांत त्याच्या भोंवतालचा विस्तीर्ण परिसर खुला झाल्यापासून दर्शनार्थी फार वाढले आहेत. म्हणून सोमवार टाळलेला बरा.

ज्यांस काशी, प्रयाग व गया अशी त्रिस्थळी करावयाची आहे त्यांस आणखी एक सूचना. या यात्रेचा 'त्रिस्थलीसेतु' हा प्रमाणग्रंथ रचणारे नारायणभट्ट हे मूळ पैठणच्या घराण्यांतले. त्यांच्याच वंशांतील गागाभट्टांनीं १६७४ सालीं रायगडावर शिवराज्याभिषेक केला. देशांतल्या देशांत जाण्यायेण्याचें तिकीट एकत्र घेतल्यानें फारसा लाभ नसतो. प्रयाग व गया येथेंही विमानतळ आहेत. तेव्हां एका क्षेत्रीं उतरून दुसऱ्याहून परतावें, म्हणजे मागें फिरण्याचा शीण वांचतो. मात्र माघमेळ्याच्या दिवसांत प्रयागचें भाडें आधीं पाहावें. २०२५ च्या महाकुंभांत, १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी या काळांत, तें अतिशय चढलें होतें.

तिकिटावरील नांव आधारपत्राप्रमाणेंच असावें. सुकें खोबरें, कापूर व काड्यापेटी सामानांत घेऊं नये. हे पदार्थ ज्वालाग्राही म्हणून काढून घेतले जातात. गंगाजलाचा गडू परततांना नीट बंद करून मोठ्या पेटींत ठेवावा.

शेवटीं, घरांतील कर्त्या मुलांस दोन शब्द. आईवडील आपण होऊन "आम्हांला काशीस न्या" असें म्हणणार नाहींत. खर्चाचा आंकडा त्यांच्या ओंठांवर येतो, इच्छा येत नाहीं. तेव्हां पुढील फाल्गुन शुद्धाच्या तारखा पंचांगांत पाहाव्या, दोन महिने आधीं भाडें विचारावें, आणि तिकिटें काढूनच त्यांस सांगावें. मावंद्यास बोलावणें आलें, तर आम्ही अवश्य येऊं.