लघुप्रबंध आणि एक जुनी पावती

द्वितीय वर्षाच्या वर्गात ‘लघुप्रबंध’ हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मला वाटले, चार पुस्तके घ्यावीत, त्यांतून थोडे थोडे उतरवून काढावे आणि वर छानसे वेष्टन घालावे. शाळेत आमचे ‘प्रकल्प’ असेच होत असत. घरी कुणाला विचारावे, तर आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. वडील म्हणाले, “प्रबंध म्हणजे कसली तरी सोय लावणं ना?” मी हसले. पण ते फारसे चुकले नव्हते, हे पुढे तीन महिन्यांत कळले. यंदा ज्यांना हे काम करायचे आहे त्यांच्यासाठी माझा अनुभव लिहीत आहे. त्यात माझी फजितीही आहे.

मी मॅडमकडे विषय नेला तो ‘गिरणगावाचा इतिहास’. परळला राहते, तेव्हा दुसरे काय सुचणार! मॅडमनी एवढेच विचारले, “कुठून कुठपर्यंत?” दावरांनी ताडदेवला गिरणी काढली ते साल १८५४. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र आणले ते १८८४ मध्ये. तिथून आजच्या टॉवरांपर्यंत यायचे, तर एक जन्म पुरणार नाही. मग मी विषय लहान करून आणला, ‘१९८२ चा संप’. मॅडम म्हणाल्या, “हा विषय झाला. प्रश्न कुठे आहे?”

हा फरक समजायला मला पंधरा दिवस लागले. विषय म्हणजे नुसते नाव. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर आपल्याला आधी ठाऊक नसेल, आणि हाताशी असलेल्या वेळात, पोहोचता येईल अशा माणसांकडून आणि कागदांतून ते शोधता येईल. शेवटी माझा प्रश्न ठरला तो असा : संपाच्या काळात आमच्या चाळीतल्या बायकांनी घर कसे चालवले?

मग वाचन. राजनारायण चंदावरकर यांचा मुंबईच्या भांडवलशाहीवरील आणि कामगारांवरील ग्रंथ १९९४ चा आहे. त्यांचा काळ १९०० ते १९४०, म्हणून त्यांची भिस्त मुख्यतः दप्तरांवर आणि सरकारी अहवालांवर. व्हॅन वेर्श या डच संशोधकाचे पुस्तक १९९२ चे आहे. ते या संपावरच असल्याने त्यांना प्रत्यक्ष कामगारांनाही गाठता आले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात गिरणगावातल्या शंभर माणसांना त्यांच्याच तोंडून बोलते केले आहे. तिघांच्या पद्धती निरनिराळ्या, कारण तिघांचे प्रश्न निरनिराळे. आधी पद्धत ठरवून मग प्रश्न शोधणे म्हणजे आधी कुलूप विकत घेऊन मग दार शोधणे होय. (आमच्या वर्गातल्या निम्म्या जणांनी ‘प्रश्नावली’ आधी छापून आणली होती. माझीही त्यात होतीच.)

साधने दोन प्रकारची. त्या काळातली किंवा त्या काळातल्या माणसांची ती प्राथमिक. त्यांच्या आधारे नंतर कुणी लिहिलेली ती दुय्यम. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरांतली दप्तरे मिळवत, आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, हे आपण इतिहासात शिकतो. मला मात्र वाटे की अशी दप्तरे सरदारांच्या वाड्यातच असायची. दहा बाय बाराच्या खोलीत कसले दप्तर! पण गिरणीचा पास, वाण्याची वही, गावी पाठवलेल्या मनिऑर्डरची पावती, जुने रेशनकार्ड हे सगळे आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत होते.

आता मुलाखतींचे सांगते, कारण माझे सर्वांत जास्त चुकले ते इथे. माझा पहिला प्रश्न होता, “संपामुळे तुम्हांला किती हाल सोसावे लागले?” सहाही जणींनी उत्तर दिले, “फार हाल झाले गो बाय.” पुढे काही नाही. उत्तर मीच प्रश्नात घालून दिले होते, त्यांनी ते नम्रपणे परत केले इतकेच. दुसऱ्या फेरीत विचारले, “सकाळी उठल्यावर पहिलं काम काय असायचं? त्या दिवसांत शेगडीवर काय शिजायचं?” मग मात्र रॉकेलची रांग आली, मुलांना कोकणात गावी पाठवून दिल्याचे आले, पापड लाटणे आणि काजेबटणे आली, वाण्यासमोरून न जाता मागच्या गल्लीने जाणे आले. एकीने तर सांगितले की नवरा घरी बसल्यामुळे दुपारचे आडवे होणे बंद झाले, तेच सर्वांत जड गेले. असले उत्तर माझ्या प्रश्नावलीत कुठल्या चौकटीत बसले असते?

वेळही महत्त्वाची. पहिल्यांदा आजीला विचारले तेव्हा आजोबा खाटेवर बसले होते. आजीला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आजोबांनी दिले. पुढच्या मुलाखती मी दुपारी दोन ते चार या वेळात गॅलरीत बसून घेतल्या. आणखी एक सूचना. मोबाईलवर बोलणे मुद्रित करणे सोपे आहे, पण एका तासाचे बोलणे शब्दशः उतरवायला मला सहा तास लागले. वेळापत्रकात हे धरा.

सहा जणींवरून साऱ्या गिरणगावाविषयी बोलता येते का? नाही. शिवाय या सहाजणी म्हणजे टिकून राहिलेल्या बायका. ज्यांची खोली विकली गेली, ज्या कायमच्या गावी गेल्या, त्या माझ्या गॅलरीत येणार कशा? तेव्हा ‘संपात घरे कशीबशी तरली’ हा निष्कर्ष काढणे सोपे आणि चुकीचे. जी बुडाली ती या चाळीत उरलीच नाहीत. हे प्रस्तावनेत स्पष्ट लिहिल्याने मला कमीपणा आला नाही. उलट परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न त्यावरच विचारले.

आता पावती. आजी म्हणाली होती, “संप सुरू झाला आणि महिन्याभरात माझ्या पाटल्या गेल्या.” दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, हे मी पाठ केले होते. तेव्हा पाटल्या फेब्रुवारीत गहाण पडल्या असणार. पण ट्रंकेत सोनाराची पावती निघाली ती नोव्हेंबर १९८१ ची. मी मोठ्या ऐटीत तळटीप लिहिली : ‘निवेदिकेच्या स्मरणात येथे चूक झालेली दिसते.’ साक्ष तपासून पाहणारी खरी संशोधक झाले, असे वाटले.

मॅडमनी तळटीपेखाली पेन्सिलीने लिहिले, “हा १८ जानेवारी कुणाचा?”

मला राग आला. तारीख पुस्तकात होती. मी व्हॅन वेर्श पुन्हा उघडला. मी त्यातले नेमके संपाचे भाग वाचले होते, त्याआधीची पाने घाईत सोडली होती. बोनसच्या प्रश्नावरून ऑक्टोबर १९८१ मध्येच, दिवाळीच्या तोंडावर, काही गिरण्यांतले कामगार बाहेर पडले होते. स्टँडर्ड मिलचे कामगार सामंतांकडे गेले ते तेव्हाच. जानेवारीत झाला तो सार्वत्रिक संप. आजोबांना विचारले तर ते म्हणाले, “आमची गिरणी दिवाळीलाच बंद पडली होती. तू विचारलंस कुठं?” आजीचा संप ऑक्टोबरात सुरू झाला होता आणि पाटल्या बरोबर महिन्याभराने गेल्या होत्या. चूक माझी होती.

अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इटालियन अभ्यासकाचे एक उदाहरण मॅडमनी नंतर सांगितले. टेर्नी या पोलादाच्या गावी लुइजी ट्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९ मध्ये एका मोर्चात पोलिसांकडून मारला गेला. गावातले अनेक जण मात्र तो १९५३ मध्ये, कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात मेला असे सांगत. तिथे लोकांची आठवण खरोखरच चुकली होती. पोर्तेल्ली यांनी ती दुरुस्त करून सोडून दिली नाही. तो मृत्यू लोकांना १९५३ मध्येच का ठेवावासा वाटला, असे त्यांनी विचारले आणि त्यातूनच त्यांना गावाचे मन कळले. म्हणजे कागद आणि आठवण जुळत नाहीत तेव्हा चूक कुणाची हे शोधायचेच, आणि त्या शोधात आपले स्वतःचे टिपणही तपासायचे. मी तळटीप खोडली आणि त्या प्रकरणाचा आरंभ ऑक्टोबर १९८१ पासून केला. त्यामुळे माझ्या सहा घरांपैकी दोन घरांचा हिशेब बदलला.

छापण्यापूर्वी सहाही जणींना त्यांचा त्यांचा मजकूर वाचून दाखवला. दोघींनी काही वाक्ये काढायला लावली, ती काढली. आजी म्हणाली, “नाव नको घालूस, आणि गिरणीचंही नको.” म्हणून प्रबंधात ती ‘निवेदिका ४’ आहे.

मी तिला विचारले, गहाणाची पावती चाळीस वर्षांवर का जपून ठेवलीस? पैसे फेडले की ती सोनाराला परत द्यायची असते ना? ती म्हणाली, “सोडवायचं राहिलं ना.” हे वाक्य प्रबंधात घालू का, म्हणून विचारले. तिने थोडा वेळ विचार करून “घाल” म्हटले. पावतीची झेरॉक्स परिशिष्टात लावली. मूळ कागद तिने घडी घालून पुन्हा ट्रंकेत ठेवला.