वाटीखालचे चिंचोके

पाढे घडाघडा म्हणणारें मूल ‘सातांतून तीन गेले, उरले किती?’ या प्रश्नास पुष्कळदां अडखळतें. कारण संख्या त्यानें ऐकलेली असते, हाताळलेली नसते. १९४५ सालीं बोर्डी येथें ताराबाई मोडक यांनीं बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें, तें परिसरांतील साध्या वस्तूंच्या साह्यानेंच.

घरांतले दहा चिंचोके घ्यावेत. मुलानें डोळे मिटतांच कांहीं वाटीखालीं झांकावेत. बाहेर सहा दिसले, तर आंत किती? मुलानें सांगावें व वाटी उचलून स्वतःच पडताळावें. मग त्यानें लपवावेत, आजीनें ओळखावेत. सहा नि चार दहा. दहांतून सहा गेले, चार उरले! बेरीज-वजाबाकीचें नातें असें आपोआप उमगतें.

चुकल्यास वडील मंडळींनीं रागावूं नये. लहानपणीं बसलेली गणिताची धास्ती पुढें सहजासहजीं जात नाहीं.