दिव्यांची उघडझाप : लेखांक ६ – अखंड दिसणारी अक्षरे

शिरगावातून रोज बदलापूर स्थानक गाठणाऱ्या प्रवाशाला लोकलच्या माथ्यावरील अक्षरे अखंड उजळलेली दिसतात. परंतु भर उन्हात त्यांचे मोबाइलने छायाचित्र घेतले, तर पुष्कळदा अक्षरांच्या एकदोन आडव्या पट्ट्याच उमटतात आणि उरलेला फलक काळा येतो. बिघाड फलकात नसतो आणि कॅमेऱ्यातही नसतो, कारण अशा फलकातील सगळे एलईडी एकाच क्षणी पेटलेले नसतातच.

१६ ओळी आणि ९६ स्तंभांचा फलक कल्पिला, तर त्यातील १,५३६ एलईडींना स्वतंत्र तारा देणे अव्यवहार्य ठरते. म्हणून प्रत्येक ओळीला एक व प्रत्येक स्तंभाला एक अशा ११२ तारांवर काम भागवून ओळी पाळीपाळीने उजळतात, आणि या पद्धतीला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. सेकंदाला १०० फेऱ्या होत असतील, तर एका ओळीच्या वाट्याला फेरीमागे ०.६२५ मिलिसेकंद येतात. सेकंदाला साधारण ६० च्या पुढची उघडझाप डोळ्याला सहसा जाणवत नाही. पण सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरताच उघडणारा शटर जेमतेम एखाददुसरी ओळ टिपतो.

ही चपळाई तंतूच्या जुन्या बल्बला साधणारी नव्हती, कारण त्याचा प्रकाश तापलेल्या टंगस्टनमधून येतो आणि प्रवाह तुटला तरी तार लगेच निवत नाही. एलईडीत मात्र अर्धवाहकाच्या सांध्यापाशी इलेक्ट्रॉन रिकाम्या जागांत, म्हणजे होलमध्ये, सामावताना प्रकाश निघतो, त्यामुळे प्रवाह थांबताच तोही काही नॅनोसेकंदांत थांबू शकतो. पांढऱ्या एलईडीवरील फॉस्फरचा पिवळा लेप तेवढा किंचित रेंगाळतो. टीव्हीच्या रिमोटमधील अवरक्त एलईडी सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो, तरीही त्याच्या क्षमतेपुढे ही गती किरकोळच आहे.

घरातल्या दिव्याबाबत हाच आज्ञाधारकपणा अडचणीचा ठरतो. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो आणि प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो. तो खाचखळगा भरून काढणारा कपॅसिटर स्वस्त बल्बच्या ड्रायव्हरमधून (प्रवाह नियंत्रित करणाऱ्या मंडलातून) वगळला किंवा अपुरा बसवला, की दिवा सेकंदाला १०० वेळा मंदावतो. तेव्हा लुकलुकण्याचे खापर एलईडीवर फोडणे अन्यायाचे आहे.

वर्कशॉपमध्ये हा दोष केवळ डोळ्यांना त्रास देऊन थांबत नाही. शेजारच्या अंबरनाथला यंत्रसामग्री घडवण्याची परंपरा आहे, आणि तिथल्या कामगाराच्या परिचयाचा चार जबड्यांचा चक लेथवर मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला बरोबर १०० जबडे एकाच जागेवरून जातात; दिवाही तितक्याच वेळा उजळत असल्याने फिरता चक थांबल्यासारखा भासू शकतो. ट्यूबलाइटच्या काळात शेजारशेजारचे दिवे तीन वेगवेगळ्या फेजवर जोडून हा धोका कमी करत. एलईडीच्या बाबतीत प्रवाह स्थिर राखणारा चांगला ड्रायव्हर हा अधिक थेट उपाय आहे, मात्र खरेदीच्या वेळी वॅट आणि किंमत यांपलीकडे त्याची चौकशी क्वचितच होते.