तीन बोटांचा लावा

बेळगाव-निपाणीकडील माळरानात व शेतांच्या बांधावर एक चिमुकला पक्षी दबकत फिरतो. आपण त्यास लावा समजतो. परंतु तो खरा लावा नव्हे. लाव्याच्या पायास मागील बोट असते. याच्या पायास पुढची तीनच बोटे. शास्त्रज्ञ त्याचे नाते टिटवीच्या गणाशी जोडतात. या कुलाच्या ३ जाती भारतात आढळतात.

यांच्या संसाराची रीतही उलटी! मादी नराहून मोठी व अधिक रंगीत. घुमणारी साद घालून तीच नरास बोलावते आणि अंडी घालून दुसऱ्या नराच्या शोधात निघून जाते. सुमारे १२ ते १४ दिवस अंडी उबविणे व पुढे पिले सांभाळणे हे सारे नराचे काम.

विद्यार्थी मित्रांनो, बांधावरील गवत पेटविण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहा. तेथे एखादा पिता अंड्यांवर निश्चल बसलेला असेल.