लेबनॉनचे संत – ४ : दाराआडचा आवाज

मुलगा सापडला म्हणून आई डोंगर तुडवत अन्नायाच्या मठाशी आली. मुलाने दार उघडलं नाही. आतूनच म्हणाला, आता आपली भेट स्वर्गात. शर्बेल मखलूफ यांच्या चरित्रात मी दर वेळी याच दाराशी अडते. नवऱ्यामागे पोरं वाढवलेली ती बाई परत फिरली, त्या वाटेवर तिच्या मनात काय असेल?

शर्बेल यांचं मूळ नाव युसुफ. जन्म ८ मे १८२८ चा, उत्तर लेबनॉनमधल्या बिका काफ्रा या डोंगरमाथ्यावरच्या गावचा. वडील खेचरं हाकायचे. तुर्की सैन्याने त्यांना वेठीला धरलं आणि परतीच्या वाटेवर ते वारले, तेव्हा युसुफ तीन वर्षांचा होता. पुढे तो गायी राखू लागला. गायी चरत असताना हा गुहेत प्रार्थना करत बसायचा. दोन मामा वैराग्य घेऊन एका मठाजवळ राहत, त्यांची ओढही होतीच. १८५१ मध्ये एके दिवशी कुणाला न सांगता त्याने घर सोडलं. मठात त्याला प्राचीन सिरियाक हुतात्म्याचं नाव मिळालं, शर्बेल. १८५९ मध्ये ते धर्मगुरू झाले.

त्यानंतर अन्नायाच्या मठात सोळा वर्षं काढल्यावर, १८७५ मध्ये, ते जवळच्याच टेकडीवरच्या एकांतकुटीत गेले आणि मरेपर्यंत, तेवीस वर्षं, तिथेच राहिले. दिवसातून एकदाच जेवण, द्राक्षमळ्यात काम, उशाला लाकडाचा ओंडका. ही कुटी मिळण्यामागची गोष्ट लेबनॉनमध्ये पोराटोरांना ठाऊक आहे. रात्री वाचायला त्यांनी दिव्यात तेल मागितलं. मठातल्या गड्यांनी चेष्टेने पाणी भरून दिलं. त्यांनी वात लावली आणि दिवा जळत राहिला. हे कळल्यावर मठाने त्यांना कुटीत राहू दिलं. मला या गोष्टीत चमत्काराहूनही त्यांचं वागणं भावतं: दिवा हातात घेतला, वाचायला बसले, कुणाला काही विचारलं नाही.

१६ डिसेंबर १८९८ ला मिस्सा चालू असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, ते गेले. बाहेर बर्फ पडत होतं.

मग थडग्यावर उजेड दिसतो, अशी बोलवा झाली. १८९९ मध्ये थडगं उघडलं, तर चिखलपाण्यातही देह कुजलेला नव्हता, अशी नोंद आहे. कित्येक वर्षं त्यातून द्रव पाझरत राहिला, पुढे मात्र अस्थीच उरल्या. १९५० मध्ये थडगं पुन्हा उघडल्यावर अन्नायाला माणसांची रीघ लागली, ख्रिस्ती आणि मुसलमान दोन्ही. पोप सहावे पॉल यांनी १९७७ मध्ये त्यांना संत घोषित केलं. १९९३ मध्ये पक्षाघात झालेली एक बाई शर्बेल यांच्या कृपेने बरी झाली, असं मानतात. तेव्हापासून दर महिन्याच्या २२ तारखेला भाविक कुटीपासून मठापर्यंत चालत येतात.

लेबनीज स्थलांतरितांनी त्यांना मेक्सिकोतही नेलं. तिथे त्यांच्या पुतळ्याच्या हातांवर लोक रंगीत रिबिनी टाकतात. रिबिनीवर शाईने नवस लिहिलेला असतो: मुलाचं आजारपण, हरवलेली नोकरी, रुसून गेलेली बहीण.

शर्बेलना कफिफानच्या मठात शिकवणारे निमतुल्ला हार्दिनी, तेही पुढे संत झाले. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.