‘हार्दिक’ची परीक्षा

गळीत हंगामात पहाटे सोमेश्वरनगरच्या कारखान्याजवळ बैलगाड्या रांगेनं उभ्या असतात. माझ्या भाच्यानं तिथं फोनवर फोटो काढला. मागे चिमणीचा धूर आणि उजाडतं आभाळ, पुढे मोळ्यांनी भरलेली गाडी, आणि गाडीवानाचा चेहरा पार काळोखात. “मामा, चेहरा उजळायला कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? फुकटातलं सांगा हां.”

मी आधी फाइल मागितली. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला, म्हणजे वाटेतच पिळून निघालेला. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. फ्लेक्सवाले ‘फोटो फाटतोय’ म्हणतात, त्यातले निम्मे तरी इथंच फाटलेले असावेत.

फाइल होती जेपेग. तिच्यात लाल, हिरव्या, निळ्याच्या 0 ते 255 अशा 256 पायऱ्या. धुराचा मधला भाग 255, 255, 255 होता, निव्वळ पांढरा. तिथं धुराची वळणं होती ही माहितीच नोंदली गेलेली नाही. कितीही महागडं सॉफ्टवेअर आणा, ते फार तर अंदाजानं काहीतरी रंगवेल. चेहरा मात्र 0 ते 20 च्या आसपास होता. त्या 21 पायऱ्या ताणून 0 ते 100 वर पसरल्या की मधे फटी पडतात, गालावर पट्टे उमटतात. त्यात जेपेग चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन करून बारकावे गाळतं. चेहरा उजळला की ते चौकोनही उघडे पडतात. हाच फोटो 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये घेतला तर पायऱ्या 16,384. ताणायला जागा राहते.

हा ताणण्याचा हिशेब फुकट सॉफ्टवेअरलाही येतो. फोनवर स्नॅपसीड पुरे. कॉम्प्युटरवर गिंप: 1995 मध्ये बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी, ते लिहायला घेतलं आणि मार्च 2025 मध्ये त्याची 3.0 आवृत्ती आली. रॉ फाइल उघडायला त्याच्या जोडीला डार्कटेबल किंवा रॉथेरपी लागतं, तीही फुकटच. कुणी फोटोशॉपची पीएसडी फाइल पाठवली तर ब्राउझरमध्ये फोटोपी उघडायचं. पेनड्राइव्हवरून फिरणारा क्रॅक केलेला फोटोशॉप मात्र घेऊ नये. मी एकदा घेतला होता आणि सगळा कॉम्प्युटर फॉरमॅट करावा लागला.

पण आपल्याकडे खरी परीक्षा वेगळीच. फोटो उजळून झाला की त्यावर मराठी लिहायचं असतं. ‘हार्दिक’ टाइप करून बघा. यात ‘र’ आधी टाइप होतो पण रफार होऊन ‘द’च्या डोक्यावर चढतो, वेलांटी ‘द’नंतर टाइप होते पण त्याच्या आधी दिसते. ही उलटापालट अक्षरजुळणी करणारं इंजिन करतं. जुन्या फोटोशॉपमध्ये योग्य सेटिंग नसेल तर रफार सुटा पडतो, वेलांटी भलतीकडे जाते. म्हणून फ्लेक्सवाल्यांनी वर्षानुवर्षं इंग्रजी अक्षरांमागे मराठी आकार लपवलेले फॉन्ट वापरले. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल म्हणजे नुसती गिचमीड. गिंपमध्ये युनिकोड मराठी नीट जुळते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्त ‘मुक्ता’ फॉन्ट टाकला की काम झालं.

भाच्यानं गिंप उतरवलं, चेहरा बेतानंच उजळला आणि खाली लिहिलं, ‘गाडीतळ, पहाट’. त्यात ना रफार, ना ऱ्हस्व वेलांटी. पुन्हा लिही म्हटलं.